सफरचंदाचा श्वास

एक काळ असा होता, की मध्यमवर्गीय मराठी घरात सफरचंद यायचे ते आजाऱ्याच्या उशाशी. बाकीच्यांनी केळी-पेरू खावेत. सफरचंदाची फोड ताप उतरलेल्याला. आता श्रावणात हिमाचलची आणि पुढे दिवाळीपर्यंत काश्मीरची सफरचंदे हातगाड्यांवर रचलेली दिसतात आणि किलो-दोन किलो सहज घरी येतात. आठवडा उलटला, की मात्र कुरकुर सुरू होते : वरून लालबुंद आणि आत पिठूळ!

दोष दर वेळी फळवाल्याचाच असतो असे नाही. झाडावरून उतरवलेले सफरचंद जिवंत असते. ते श्वास घेते, साठवलेली साखर खर्च करते, ऊब आणि वाफ बाहेर टाकते. जोडीला इथिलीन नावाचा वायूही सोडते, आणि हाच वायू फळाला पिकण्याची घाई लावतो. पिकणारे फळ तो स्वतःच तयार करते, हे इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी १९३४ साली सिद्ध केले, तेही सफरचंदांवरच.

कोकणातल्या आजीला या वायूचे नाव ठाऊक नव्हते. उपयोग मात्र पुरता ठाऊक होता. आंब्याची अढी घालताना ती गवताच्या थरांत फळे दडपून ठेवी. कोंडलेली ऊब आणि कोंडलेला वायू यांनी आंबा पिके. सफरचंदाचे नेमके उलटे करायचे. ते बहुधा खाण्याजोगे होऊनच आपल्या हाती येते. त्याला पिकवायचे नाही, थोपवायचे आहे.

थोपवण्याचा पहिला उपाय थंडी. शून्य ते चार अंश सेल्सिअस तापमानात सफरचंदाचा श्वास मंदावतो. म्हणून टेबलावरच्या शोभेच्या टोपलीत आज-उद्या लागतील तेवढीच ठेवावीत, बाकीची फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. फ्रिजची कोरडी हवा साल सुरकुतवते, तेव्हा चार-सहा भोके पाडलेली प्लॅस्टिकची पिशवी वापरावी. आणल्या आणल्या धुऊ नयेत. सालीवरचा नैसर्गिक मेणाचा पातळ थर हेच त्यांचे चिलखत. धुवायची ती खाण्याआधी.

दुसरी गोष्ट शेजाराची. टोपलीत सफरचंदाशेजारी केळी ठेवली, की केळी लवकर काळी पडतात. पालेभाजी पिवळी पडते, काकडी नरमते, गाजर कडवट होते. सगळा त्या वायूचाच प्रताप. कांदा-लसणाचा वास तर सफरचंद चटकन उचलते. फ्रिज नसेल, तर घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात कोऱ्या कागदावर, एकमेकांना न टेकतील अशी मांडावीत आणि चार-पाच दिवसांपुरतीच आणावीत.

मार्च-एप्रिलमध्ये मिळणारे देशी सफरचंद हे मागच्या हंगामातले असते. खास शीतगृहांत प्राणवायू एकवीस टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांवर आणून ते महिनोन्महिने जणू निजवलेले असते. बाहेर आल्यावर ते झपाट्याने उतरते. अशा दिवसांत स्वस्त मिळते म्हणून पेटी घेणे महागात पडते.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरोघरी एक सवय आहे. सडका भाग कापून उरलेले सफरचंद घरातली बाई स्वतः खाते. चांगले मुलांना, नवऱ्याला. टाकवत नाही, हे खरे. पण मार लागून तपकिरी झालेला भाग आणि बुरशीने सडलेला भाग यांत फरक आहे. पहिला काढून बाकीचे त्याच दिवशी खुशाल खावे. सडलेल्या फळात मात्र काही बुरशींमुळे पॅट्युलिन नावाचे विष तयार होऊ शकते. ते आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरते आणि मुरंब्यासाठी शिजवल्यानेही पुरते जात नाही. असे फळ टाकूनच द्यावे आणि त्याला टेकलेली फळे नीट तपासावीत.

म्हणून पिशवी घरी आली, की दोन मिनिटे द्यावीत. मार लागलेली वेगळी काढून पहिल्या दोन दिवसांत संपवावीत. टणक, डागविरहित तेवढी साठवावीत आणि आठवड्यातून एकदा चाळून पाहावीत. एवढे केले, तर कुजके सफरचंद कोणी खायचे, हा प्रश्नच घरात उरणार नाही आणि चांगल्याची एक फोड आईच्याही बशीत पडेल.