टोमॅटोच्या क्रेटमधलं इथिलीन

मंडळी, मागच्या वेळी आपण मिथेनपाशी थांबलो होतो. सूर्यप्रकाशात क्लोरीन त्याचा एकेक हायड्रोजन हटवून जागा घेतो, ती प्रतियोजन अभिक्रिया. आज इथिलीन. पारगावात तो शिकवायला फळाही लागत नाही. नारायणगावच्या बाजारात जाणाऱ्या क्रेटमध्ये एक टोमॅटो पिकला की शेजारचे भराभर रंगतात. पिकणारं फळ हा वायू सोडतं, म्हणून.

दोन कार्बन, चार हायड्रोजन, मधे दुहेरी बंध. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये विरघळवलेल्या ब्रोमीनमधून हा वायू सोडला की तांबडा रंग जातो. बाहेर काहीच पडत नाही. दुहेरीतला एक बंध सुटतो आणि दोन्ही कार्बनांना एकेक ब्रोमीन चिकटतो. ही समावेशन अभिक्रिया.

आता उलटं बघू. हॅलोजन काढून दुहेरी बंध परत आणता येतो का? येतो. आयसोप्रोपिल ब्रोमाइड अल्कोहोलमधल्या कॉस्टिक पोटॅशबरोबर तापवलं की एका कार्बनवरचा ब्रोमीन आणि शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन निघतो, प्रोपिलीन मिळतो. (पुस्तकात उदाहरण बहुधा इथिल ब्रोमाइडचं असतं, पण तिथे प्रत्यक्षात इथरच जास्त होतो.) पोटॅश पाण्यातलं असेल तर ब्रोमीनच्या जागी ओएच गट बसण्याकडे कल वाढतो, म्हणजे अल्कोहोल.

आपल्याकडे फवारतात ते इथेफॉन याच घरातलं. दोन कार्बन, एका टोकाला क्लोरीन, दुसऱ्या टोकाला फॉस्फरसचा आम्लगट. आम्लधर्मी द्रावणात ते टिकतं. झाडाच्या पेशीत आम्लता कमी झाली की क्लोरीन सुटतो, पण सोबत हायड्रोजन नाही, फॉस्फरसचा गट जातो. उरतो इथिलीन. म्हणजे बाटलीत हॅलोजन साधित, झाडात हायड्रोकार्बन.

मग आंब्याच्या पेटीत ठेवतात ती कार्बाइडची पुडी? ओल लागली की कॅल्शियम कार्बाइडमधून अ‍ॅसिटिलीन निघतो. त्यात तिहेरी बंध असतो. तोही फळ पिकवतो, पण इथिलीनपेक्षा खूपच कमी जोराने. खरा धोका वेगळाच आहे. बाजारातल्या कार्बाइडमध्ये फॉस्फरस आणि आर्सेनिकचे अंश असतात, त्यांतून फॉस्फिन आणि आर्सिन हे विषारी वायू निघतात. म्हणून फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायू मात्र दहा लाखांत 100 भागांपर्यंत चालतो.

पुडी उघडल्यावर लसणासारखा वास येतो ना, तो अ‍ॅसिटिलीनचा नव्हे. शुद्ध अ‍ॅसिटिलीनला वास जवळजवळ नसतोच. तो वास फॉस्फिनसारख्या भेसळीचा.