शिंगरू भरले, पण पाय गेले

दत्त जयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे शिंगरू अंगाने भरलेले दिसावे म्हणून मालक आधीपासून हरभरा, बाजरी आणि गव्हाचा कोंडा सढळ हाताने चारतात. अंग भरते, कातडी चकाकते. पण खाली पाहा. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या जरा वर हाड फुगलेले, हात लावला तर गरम, आणि चालताना जनावर पाय जपते. गिऱ्हाईक म्हणते, काय हाड आहे! हाड कसले, ते दुखणे आहे.

हाडाची लांबी वाढते ती टोकाजवळच्या मऊ कुर्चेतून. वर्षाचे शिंगरू मोठ्या घोड्याच्या नव्वद टक्के उंचीला पोचलेले असते. एवढ्या झपाट्याच्या वाढीत वजन चढले आणि हाडाला कॅल्शियम पुरले नाही, की ही कुर्चा सुजते. खुरावरच्या सांध्याजवळ हे साधारण चार ते आठ महिन्यांत दिसते, गुडघ्याजवळ दीड-दोन वर्षांच्या सुमारास.

कोंड्याचेच घ्या. त्यात कॅल्शियमच्या आठ-दहा पट फॉस्फरस असतो. खुराकात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी कधीच नसावे, दीडपट-दुप्पट असले तर उत्तम. उलटे झाले की शरीर हाडातले कॅल्शियम काढून रक्तात घालते. हाड पोकळ होते, पुढे पुढे तोंडाची हाडेही फुगतात. ऊसपट्ट्यात आणखी एक भानगड. उसाचे वाढे आणि हत्तीगवत यांतल्या ऑक्झॅलेटमुळे खाल्लेले कॅल्शियम अंगीच लागत नाही. बैल रवंथ करतो, त्याला ते बरेचसे पचते, घोड्याला नाही.

सूज दिसली की कोंडा बंद करावा, दाणा निम्म्यावर आणावा. उपाशी मात्र मारू नये. वाळलेले गवत आणि थोडा लसूण घास द्यावा, पशुवैद्यकाला विचारून क्षारमिश्रण किंवा चुनखडीची भुकटी खुराकात मिसळावी. पानाचा चुना नव्हे! जनावर मऊ जमिनीवर मोकळे सोडावे, पळवू नये. नालबंदाकडून महिन्याला खूर तासून घ्यावेत. खूर एकीकडे झिजला की सगळा भार एकाच बाजूला पडतो.

जन्मतः पाय थोडे वाकडे असतील तर घाबरू नये, पुष्कळ शिंगरांचे काही आठवड्यांत सरळ होतात. पण खुरावरच्या सांध्यातला वाकडेपणा राहिला तर दोन महिन्यांच्या आत डॉक्टर गाठावा. तिथली बहुतेक वाढ तिसऱ्या महिन्यापर्यंत संपते, मग खूर तासूनही उपयोग नाही. गुडघ्याला थोडा जास्त अवधी मिळतो, तरी सहा महिन्यांपुढे थांबू नये.

घेणाऱ्याने तोंड उघडून पाहावे. समोरचे सगळे दात दुधाचे असतील तर जनावर अडीच वर्षांच्या आतले आहे, विकणारा काहीही सांगो. गुडघ्याजवळची कुर्चा तोवर कच्ची असते. असले जनावर पुढच्याच लग्नसराईत वरातीत नाचवायला घेतात, वर नवरदेव बसलेला. दोन सीझनमध्ये ते लंगडते आणि कवडीमोलाने परत बाजारात येते.