आम्लाची नाहक बदनामी

६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर, फर विकणाऱ्या कंपनीच्या दुकानात कुणाची तरी बंदूक चुकून उडाली. छर्रे अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण मजुराच्या डाव्या बरगड्यांखाली घुसले. तो जगेल असं लष्करी डॉक्टर विल्यम बोमंट यांना वाटलं नव्हतं. तो जगला. जखम भरली, पण जठरात थेट उघडणारं छिद्र कायमचं राहिलं.

१८२५पासून बोमंट मांस, पाव, कोबीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या छिद्रातून आत सोडू लागले आणि थोड्या थोड्या वेळाने ओढून पाहू लागले. जठररस काढून त्यांनी तो कुपीत मांसावर ओतला आणि कुपी अंगाइतकी उबदार ठेवली, तर मांस तिथेही विरघळलं. म्हणजे पचन हे नुसतं दळण नव्हे, रसायनांचंही काम आहे. सेंट मार्टिन चिडला की पचन बिघडतं, हेही त्यांनी टिपलं. पोटात दोरे सोडून घेणाऱ्याने चिडू नये तर काय करावं!

या रसातलं मुख्य द्रव्य हायड्रोक्लोरिक आम्ल. ते प्रथिनं उलगडतं, पेप्सिन हे विकर ती कापतं, आणि अन्नासोबत आलेले बरेच जंतू तिथेच मरतात. एवढं तीव्र आम्ल जठरालाच का खात नाही? कारण अस्तरावर बायकार्बोनेट मिसळलेला श्लेष्माचा थर असतो आणि खालच्या पेशी काही दिवसांतच नव्या होतात.

म्हणूनच ‘ॲसिडिटी वाढली’ या निदानावर माझा फारसा विश्वास नाही. बऱ्याचदा आम्ल असतं तेवढंच असतं, फक्त ते नको तिथे पोचतं. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवं झालं, पोटाचा घेर वाढला किंवा तंबाखूची सवय असली, की अन्ननलिकेच्या टोकाची झडप नीट मिटत नाही. अन्ननलिकेला जठरासारखं कवच नसतं. जळजळ होते ती तिथे.

अल्सरचं खापर तर कित्येक वर्षं तिखट आणि काळजीवर फुटत राहिलं. पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू सापडला. तो युरियापासून अमोनिया बनवून आपल्याभोवतीचं आम्ल निष्प्रभ करतो आणि तिथेच तळ ठोकतो. अल्सर त्याच्यामुळे होतो हे लोक मानेनात, तेव्हा १९८४मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, जठराला सूज आली. २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आता असा अल्सर प्रतिजैविकांनी बरा होतो. दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे गुडघ्यांसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. त्या अस्तराचं संरक्षणच कमी करतात.

पँटोप्रॅझोलसारखी गोळी आम्ल बनवणारे पंप बंद करते. पण चालू असलेलेच. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर लगेच आराम पडत नाही. डॉक्टरांना न विचारता ती वर्षानुवर्षं चालू ठेवली, तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं. शौच डांबरासारखी काळी होऊ लागली, घास अडकू लागला किंवा उगाचच वजन उतरलं, तर गोळी बदलण्याऐवजी एन्डोस्कोपीचं विचारावं. आणि छातीतल्या दुखण्याबरोबर दरदरून घाम फुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा पीत बसू नये. तडक रुग्णालय गाठून ईसीजी काढावा.