पिंपांच्या शर्यतीचें शिबिर : घोड्याची व स्वाराची पूर्वतयारी

अमेरिकेंतील टेक्सास, ओक्लाहोमा वगैरे गुरें पाळणाऱ्या मुलखांत पिंपांची शर्यत, म्हणजे तिकडील 'बॅरल रेसिंग', हा खेळ शेतकरी कुटुंबांत व विशेषतः स्त्रियांत फार रुळलेला आहे. ५५ गॅलनांचीं तीन पिंपें त्रिकोणांत उभीं करतात. पहिल्या दोहोंतील अंतर ९० फूट, व त्या दोहोंपासून तिसऱ्याचें १०५ फूट. स्वारानें भरधाव येऊन तिन्ही पिंपांस वेढे घालावयाचे व तसेंच परतावयाचें. कसलेला घोडा हें सारें सतरा-अठरा सेकंदांत उरकतो; एक पिंप पडलें कीं ५ सेकंद दंड. १९४८ सालीं टेक्सासमधील सॅन अँजेलो येथें स्त्रियांनीं या व अशा खेळांसाठीं स्वतःची संस्था काढली, ती नांव बदलून अद्यापि चालू आहे. १९८४ ते १९९३ अशीं ओळीनें दहा वर्षें जगज्जेतेपद मिळविणाऱ्या शारमेन जेम्स यांच्यासारखे निष्णात स्वार दोन-तीन दिवसांचीं शिबिरें भरवितात, व शिकणारा आपलाच घोडा घेऊन तेथें जातो. त्यापूर्वीं काय करावें हें येथें सांगावयाचें आहे. सारंगखेड्याच्या यात्रेस घोडीं नेणाऱ्या आमच्या वाचकांसही त्यांतील बरेंच लागू पडेल.

घरीं महिन्याभरांत घोडा जितकीं वळणें घेत नाहीं, तितकीं या तीन दिवसांत घेतो. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. घोड्याचा दम कांहीं आठवड्यांच्या मेहनतीनें वाढतो व स्नायूही भरतात. परंतु पायांच्या कंडरा, अस्थिबंध व हाडें यांस बळकटी येण्यास कित्येक महिने लागतात. दीड महिन्यांत घोड्याची धांप थांबली म्हणजे तो तयार झाला असें मालकास वाटतें, आणि पाय दुखावण्याचा नेमका तोच काळ असतो. सबब, वर्षभर थोडाबहुत फिरविलेल्या घोड्यास सहा आठवडे पुरतील. परंतु हिंवाळाभर मोकळा सोडलेल्यास तीन महिन्यांहून कमी मुदत देऊं नये. आठवड्यांतून चार-पांच दिवस साधी चाल व लांब दुडकी, मग मंद धांव, आणि पिंपांभोंवतीं बहुतेक काम चालीनेंच. शर्यतींत एक वळण एका बाजूस व दोन दुसऱ्या बाजूस असतात, म्हणून पुष्कळ स्वार एकाच बाजूचा सराव करतात. घोडा त्यामुळें एकांगी होतो. दोन्ही बाजू सारख्या वळवाव्या.

जबड्याखालीं बोटें ठेवून नाडी मोजण्यास शिकावें. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४ असते. मेहनतीनंतर दहा-पंधरा मिनिटांत ती ६० च्या खालीं न आल्यास काम जास्त झालें असें समजावें. रोज सकाळीं चारही पायांवरून हात फिरवावा. एखादी कंडरा ऊन लागली तर त्या दिवशीं खोगीर घालूं नये. नाल शिबिरापूर्वीं आठवडाभर आधीं बसवावे, म्हणजे खिळा टोंचत असल्यास घरींच कळेल. दांतही तपासून घ्यावे. वळतांना मान वर फेंकणाऱ्या घोड्याच्या मालकानें तीन लगाम बदलले, पण तोंड उघडून पाहिलें नाहीं, असा प्रकार विरळा नाहीं.

दूरदूरचे घोडे एकत्र येतात तेथें रोगही येतात. घोड्यांच्या सांसर्गिक पांडुरोगास औषध नाहीं व लसही नाहीं. मोठ्या गोमाशा तो पसरवितात. १९७० च्या सुमारास निघालेली कॉगिन्स यांची रक्तपरीक्षा करून रोग नसल्याचा दाखला घेतल्यावांचून बहुतेक ठिकाणीं घोड्यास आंत घेतच नाहींत, आणि तें रास्तच आहे. दुसरा शत्रु घोड्यांचा हर्पीस विषाणु. २०११ सालीं यूटांतील ऑग्डेन येथील एका स्पर्धेंतून तो अनेक राज्यांत पसरला व कित्येक घोडे दगावले. लसीनें त्याच्या मज्जातंतूंच्या विकारास खात्रीनें आळा बसत नाहीं. म्हणून निघण्यापूर्वीं आठवडाभर दोन वेळां ताप मोजून लिहून ठेवावा. १०१.५ अंशांच्या वर गेला तर फीचे पैसे बुडाले तरी जाऊं नये. बादली आपली स्वतःची न्यावी, आणि सर्वांच्या नळीचें तोंड तींत बुडूं देऊं नये.

प्रवासांत तीन-चार तासांनीं थांबून पाणी दाखवावें. डोकें उंच बांधून ठेवल्यास घोड्यास खोकून श्वासनलिका साफ करतां येत नाहीं, व फुप्फुसांस दाह होतो. परक्या गांवचें पाणी कांहीं घोडे तोंडांत घेत नाहींत. घरींच चार दिवस पाण्यांत किंचित् काकवी घालून संवय लावावी, मग तेथेंही तीच घालावी. गवत घरचेंच न्यावें.

स्वाराविषयीं थोडकेंच. पिंपाकडे टक लावून पाहणाऱ्याचा घोडा पिंपावरच जातो. पुढें जावयाचें त्या जागेकडे पाहण्याची संवय घरीं पायीं चालूनच लावून घ्यावी. पिंपाजवळ येतांच जिनावर खोल बसावें, म्हणजे घोडा वेग आंवरतो; पुढें झुकल्यास तो धांवतच राहतो. यासाठीं मांड्या व पोट बळकट हवें, म्हणून घोड्याबरोबर स्वारानेंही मेहनत करावी. आपल्या दोन-चार धांवांचें चित्रण व दोन नेमके प्रश्न लिहून न्यावे. लगाम व खोगीर रोजचेंच असावें. नवें सामान शिबिरांत प्रथम वापरूं नये.

परतल्यावर घोड्यास दोन दिवस पूर्ण विसांवा द्यावा, व १४ ते २१ दिवस घरच्या घोड्यांपासून निराळें बांधून ताप मोजीत राहावें. तोच हर्पीस विषाणु गाभण घोडीचा गर्भ पाडतो. म्हणून आधीं घरच्या घोड्यांची वैरण-पाणी उरकावी, आणि मगच त्याच्याकडे जावें.