मलमल, लुगडं आणि नाचाची पावलं

नगरहून भिंगारला निघालं की वाटेत भुईकोट किल्ला लागतो. १२ ऑगस्ट १८०३ रोजी तो शिंद्यांच्या हातून आर्थर वेलस्लीकडे गेला. चारच दिवस आधी त्याच्या फौजेने शिड्या लावून पेठेचा तट ओलांडला होता आणि त्या हल्ल्यात स्कॉटलंडचे हायलँडर शिपाई पुढे होते. नगरच्या इतिहासात वेलस्ली भेटतो तो असा, तटाखाली.

बारा वर्षांनी तो दिसतो ब्रसेल्समधल्या एका नाचाच्या समारंभात. तोवर तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला होता. १५ जून १८१५ च्या रात्री रिचमंडच्या डचेसने मेजवानी आणि नाच ठेवला होता. जागा म्हणजे एका घोडागाड्या बनवणाऱ्याची जुनी कार्यशाळा, पण आतून छान सजवलेली. गॉर्डन हायलँडर पलटणीतल्या शिपायांनी तिथे आपल्या मुलुखाचा नाच करून दाखवला. मध्येच नेपोलियन चाल करून येत असल्याची खबर आली आणि अधिकारी जोडीदारणींचे हात सोडून निघाले. कपडे बदलायला उसंत न मिळाल्याने काही जण नाचाच्या पोशाखातच दुसऱ्या दिवशी लढले. ब्रन्स्विकचा ड्यूक रात्री त्या दालनात होता आणि दुसऱ्या दिवशी कात्र ब्राच्या लढाईत मारला गेला. १८ जूनला वॉटर्लू झालं.

त्या काळाच्या ओढीने आज जगभर पोशाखी नाच भरतात. इंग्लंडमधल्या बाथ शहरात २००१ पासून कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या नावाने महोत्सव होतो. लोक दोनशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीचे कपडे शिवून घेतात, रस्त्यातून मिरवतात आणि रात्री नाचतात. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियातही अशी मंडळं आहेत. यात प्रेक्षक आणि कलाकार असा भेद नसतो. आलेला प्रत्येक जण नाचतो, आणि या प्रकाराचा सगळा जीव त्यातच आहे.

नवखा माणूस नाचतो कसा? जोड्या दोन लांब रांगांमध्ये समोरासमोर उभ्या राहतात. पहिली जोडी शेजारच्या जोडीबरोबर ठरलेली वळणं घेते: हातात हात गुंफून गोल फिरणं, रांगेच्या मधून खाली जाऊन परत येणं, जागा बदलणं. एक फेरी संपली की ती एक जागा खाली सरकते आणि नव्या जोडीबरोबर तेच पुन्हा. एक जण पुढची चाल मोठ्याने सांगत असतो. दोन-तीन फेऱ्यांत पावलं बसतात, आणि रांग संपेपर्यंत अनोळखी माणसांशी नजरानजर, हातमिळवणी, थोडं हसणं झालेलं असतं. या चाली हरवल्या नाहीत, कारण जॉन प्लेफर्डने १६५१ मध्ये धून आणि वळणं एका पुस्तकात एकत्र छापून ठेवली आणि पुढे त्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या. १९११ मध्ये सेसिल शार्पने लोकनृत्यांची संस्था काढून अशा नाचांना पुन्हा पाय दिले. ऑस्टिनच्या कादंबरीवरच्या १९९५ च्या बीबीसी मालिकेत नायिका एलिझाबेथ आणि नायक डार्सी ज्या धूनवर नाचतात, ती १६९५ मधली आहे. म्हणजे ऑस्टिनच्या काळातही ती शंभर वर्षं जुनीच होती. हौशी मंडळी अशा तपशिलांवर तासन् तास वाद घालतात. मला त्यांचं हे खरंच आवडतं. एवढा जीव लावल्याशिवाय जुनी गोष्ट हाताला लागत नाही.

पण या नाचांतली सर्वांत शिकवणारी गोष्ट मला कपडा वाटते. छातीखालीच कंबर घेणारा पातळ मलमलीचा झगा आणि सपाट मऊ जोडे घातले, की उड्या घेणारी हलकी पावलं आपोआप सुचतात. पुढे घेरदार, जड झगे आले, तेव्हा नाचही बदलला. पोशाख पावलांना वळण लावतो, आणि हे कपाटातला झगा नुसता बघून कळत नाही.

तो कपडा कुठून आला, हेही विचारावं. नामांकित मलमल बंगालची होती, खांद्यावरची शाल काश्मीरची. लवकरच इंग्रजी गिरण्यांनी मलमल आणि स्कॉटलंडच्या पेस्ली गावाने शालीवरची कोयरी काढायला सुरुवात केली, आणि आपल्या विणकराचा माग थंडावत गेला. व्हिक्टोरिया राणीने १८४२ मध्ये मध्ययुगीन पोशाखांचा नाच ठेवला तो लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या रेशीम विणकरांना काम मिळावं म्हणून. इथल्या विणकरांसाठी तशी सोय कुणी केली नाही. १८९७ मध्ये राणीच्या हीरकमहोत्सवानिमित्त लंडनच्या डेव्हनशायर हाउसमध्ये सुमारे सातशे पाहुणे ऐतिहासिक वेशांत आले. ती रात्र २ जुलैची. पुण्यात काही दिवस आधी, त्याच महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी गोळ्या झाडलेला प्लेग अधिकारी रँड तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. ३ जुलैला तो गेला. दख्खनेत प्लेग आणि दुष्काळ मुक्कामाला होते.

हे सांगितलं म्हणून ते नाच वाईट ठरवण्याचं कारण नाही. उलट आपल्याकडे अशी काय गोष्ट आहे, हे बघावं. मी मंगळागौरीकडे बोट दाखवीन. श्रावणातल्या मंगळवारी, लग्नानंतरची पहिली पाच वर्षं पूजा आणि रात्रीचं जागरण. झिम्मा, फुगडी, पिंगा, गाठोडं, सूपनाच. आलेली प्रत्येक बाई खेळणार, सासूही आणि नवी नवरीही. आज याच खेळांचे गट झाले आहेत, स्पर्धा होतात, परदेशातली महाराष्ट्र मंडळंही हौसेने कार्यक्रम करतात. या गटांमुळे खेळ जिवंत राहिले, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मात्र खेळ मंचावर गेला की खाली बसलेल्या शंभर जणी नुसत्या टाळ्या वाजवतात.

इथेही कपड्याचं तेच. चापूनचोपून नेसलेल्या सुती नऊवारीचा काष्टा पाय मोकळे ठेवतो, म्हणून फुगडीत मागे रेलून वेग घेता येतो आणि बैठी फुगडी जमते. शिवलेली, चकचकीत, घसरणारी नऊवारी दोन मिनिटांत चढवता येते, पण ती वागवताना खेळणारीचं अर्धं लक्ष कमरेपाशी राहतं. नगरच्या पद्मशाली आणि साळी विणकरांच्या मागांवर एके काळी अशी लुगडी भरपूर निघत.

म्हणून भिंगारमधल्या एखाद्या महिला मंडळाने येत्या श्रावणात मंच न बांधता अंगणात किंवा मंगल कार्यालयाच्या फरशीवर मंगळागौर ठेवावी. हातमागाची सुती लुगडी आणावीत. ज्यांना काष्टा घालता येतो, त्या आजींनी आधी तासभर नेसवायला शिकवावं, एकीने खेळ मोठ्याने सांगत जावा, आणि बघायला आलेल्या बाईलाही हाताला धरून झिम्म्यात ओढावं.