जनुकांच्या परिषदा आणि आपल्या घरातले रंगीत कार्ड

लंडनला किंवा हाँगकाँगला शास्त्रज्ञांची मोठी परिषद भरते, तीन दिवस चर्चा होते आणि आपल्याकडे आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. जनुक, जीनोम, क्रिस्पर असले शब्द दिसले की वाचणारा पान उलटतो. त्यात त्याचा दोष नाही. पण विदर्भातल्या, तसेच नंदुरबार-धुळ्याकडच्या वाचकांनी तरी हे पान इतक्या घाईने उलटू नये. या परिषदांमध्ये ज्या आजाराचे नाव वारंवार निघते तो आपल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे सिकलसेल.

आधी आजाराविषयी थोडे. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, मऊ व लवचीक असतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन असते आणि ते कसे बनवायचे याचा मजकूर जनुकांत लिहिलेला असतो. सिकलसेलमध्ये या मजकुरात एका अक्षराची चूक असते, फक्त एका. सातबाऱ्यावर तलाठ्याच्या हातून एक अक्षर चुकावे आणि ते पुढे वारसांच्या नावांतही तसेच उतरत जावे, असा हा प्रकार आहे. या चुकीमुळे प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, मग हाडे-सांधे असह्य दुखतात, कावीळ दिसते, रक्त कमी होते, जंतुसंसर्ग वरचेवर होतो. आईकडून एक व बापाकडून एक अशा आपल्याकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. दोन्ही चुकीच्या असतील तर तो रोगी, म्हणजे एसएस. एकच चुकीची असेल तर तो वाहक, म्हणजे एएस. वाहक हा रोगी नव्हे, हे वाक्य मी दवाखान्यात किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही.

आता लंडनकडे वळू. मानवी जनुक संपादनावरील तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद मार्च २०२३ मध्ये तेथील फ्रान्सिस क्रिक संस्थेत झाली. (पहिली २०१५ मध्ये वॉशिंग्टनला, दुसरी २०१८ मध्ये हाँगकाँगला झाली होती.) लंडनच्या व्यासपीठावर शास्त्रज्ञांच्या बरोबरीने व्हिक्टोरिया ग्रे नावाच्या एक बाई उभ्या राहिल्या. त्या अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या, सिकलसेलच्या रोगी. लहानपणापासूनचे दुखणे, इस्पितळाच्या खेपा, मुलांना आपण पुरे पडू की नाही ही धास्ती, हे सारे त्यांनी सांगितले. २०१९ मध्ये त्यांच्यावर क्रिस्पर पद्धतीने उपचार झाले आणि वेदनांचे ते झटके थांबले. अमेरिकेत सिकलसेलसाठी हा उपचार घेणाऱ्या त्या पहिल्या रोगी.

हा उपचार होतो कसा? रोग्याच्याच रक्तनिर्मितीच्या मूळ पेशी बाहेर काढतात. क्रिस्पर म्हणजे जनुकाची ठरावीक जागा शोधून तेथेच कापणारी कात्री. आईच्या पोटात असताना आपल्या सर्वांचे हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचे असते आणि जन्मानंतर काही महिन्यांत त्याचे उत्पादन जवळजवळ बंद होते. हे उत्पादन बंद करणारी कळ या कात्रीने निकामी करतात, म्हणजे ते जुने, निर्दोष हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते. मग कॅन्सरवर देतात तशा तीव्र औषधाने रोग्याची अस्थिमज्जा रिकामी करून दुरुस्त पेशी परत शरीरात सोडतात. म्हणजे ही काही एका इंजेक्शनची गोष्ट नव्हे. कित्येक आठवडे इस्पितळात काढावे लागतात आणि पुढे मूल होण्याच्या क्षमतेलाही धोका संभवतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत किंमत ठरली २२ लाख डॉलर, म्हणजे आपले १८ कोटी रुपयांहून अधिक.

१८ कोटी! जगातले सिकलसेलचे बहुसंख्य रोगी आफ्रिकेत आणि आपल्यासारख्या देशांत आहेत; औषध तयार झाले ते श्रीमंत देशांत आणि त्यांच्याच भावाने. लंडनच्या परिषदेने समारोपाच्या निवेदनात हा उपचार सर्वांना परवडेल असा व्हावा अशी मागणी केली, ते बरे झाले. आपल्याकडे दिल्लीच्या शासकीय जीनोमिक्स संस्थेने स्वदेशी क्रिस्पर उपचार विकसित केला असून, बिरसा मुंडा यांच्या नावावरून त्याला ‘बिरसा १०१’ असे नाव देऊन तो २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर झाला. पुढील विकासासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करारही झाला आहे. मात्र आज आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन ‘ती कात्री लावा’ म्हणण्यासारखी स्थिती नाही, हे लक्षात असू द्यावे. तोवर फॉलिक अ‍ॅसिड, हायड्रॉक्सीयुरिया, लसी, भरपूर पाणी आणि ताप आला की लगेच डॉक्टर, हीच आपली शस्त्रे. ती स्वस्त आहेत म्हणून कमी लेखू नयेत. हायड्रॉक्सीयुरियाने झटके खरोखर कमी होतात. फक्त ते रक्त तपासत, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यावे.

लंडनच्या आधीची हाँगकाँगची परिषद मात्र वेगळ्याच कारणाने गाजली. २०१८ च्या नोव्हेंबरात परिषद सुरू होण्याच्या तोंडावरच बातमी फुटली की, हे जियानकुई या चिनी संशोधकाने गर्भावस्थेतच जनुकांत बदल केलेल्या जुळ्या मुली जन्माला घातल्या आहेत. त्यांचा बाप एचआयव्हीबाधित होता. मुलींना हा विषाणू बाधू नये म्हणून आपण हे केले असे या गृहस्थांचे म्हणणे. भर परिषदेत त्यांना प्रश्न विचारले गेले आणि उत्तरांतून सारेच उघडे पडले. बापाकडून मुलाला लागण होऊ नये यासाठी शुक्रजंतू धुऊन घेण्याची साधी, सुरक्षित पद्धत आधीपासून आहे, मग गर्भाला कात्री लावण्याचे कारण काय? आईबापांच्या सह्या घेतलेल्या संमतीपत्रात या प्रयोगाला एड्सच्या लसीचा प्रकल्प म्हटले होते! २०१९ मध्ये तेथील न्यायालयाने त्यांना ३ वर्षांची कैद व ३० लाख युआन दंड केला.

व्हिक्टोरिया ग्रे यांच्या रक्तपेशींतला बदल त्यांच्यापुरता आहे. तो त्यांच्या मुलाबाळांत उतरत नाही. गर्भात केलेला बदल मात्र त्या मुलींच्या पुढच्या पिढ्यांत जाऊ शकतो, आणि त्या पिढ्यांना कोणी विचारलेले नसते. म्हणून लंडनच्या परिषदेनेही गर्भातील असे संपादन आजच्या घडीला स्वीकारार्ह नाही असे स्पष्ट केले. आपल्याकडेही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूत्रांत त्याला परवानगी नाही.

असल्या परिषदांची परंपरा जुनी आहे. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे सुमारे १४० जण जमले होते, बहुतेक शास्त्रज्ञ. एका जिवाचे जनुक दुसऱ्यात बसवण्याचे तंत्र नुकतेच हाती आले होते. पॉल बर्ग आदी मंडळींनी आदल्या वर्षी स्वतःहूनच काही प्रयोग थांबवण्याचे आवाहन केले होते, ते कोणत्या अटींवर पुन्हा सुरू करावेत हे येथे ठरले. शास्त्रज्ञांनी आपणहून लगाम ओढावा ही घटना कौतुकाचीच. परंतु तेथे चर्चा झाली ती मुख्यतः प्रयोगशाळेतून जंतू निसटला तर काय, याची. माणसाच्या जनुकांशी खेळण्यात नैतिक काय आणि अनैतिक काय, हा विषय मुद्दाम बाजूला ठेवला गेला. रोग्यांना तर कोणी बोलावलेच नव्हते. रोगी व्यासपीठावर येऊन बोलतो तेथपर्यंत मजल यायला जवळजवळ ५० वर्षे गेली.

वास्तविक जनुकांच्या ज्ञानाने समाजात काय होऊ शकते याचे धडे सिकलसेलनेच केव्हाच दिले होते. लिनस पॉलिंग हे केवढे मोठे शास्त्रज्ञ! सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषाचा आजार आहे हे १९४९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. दोन वेळा नोबेल मिळालेला माणूस. पण १९६८ मध्ये याच पॉलिंगनी सुचवले की, वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडण्याआधीच सावध होतील. हेतू चांगलाच असेल हो, पण कपाळावर गोंदण!

गोंदण झाले नाही, तरी दुसरे बरेच झाले. १९७० नंतर अमेरिकेतील अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या तपासणीचे कायदे केले. समजावून सांगणारे कोणी नाही आणि वाहक व रोगी यांतला फरक अधिकाऱ्यांनाही ठाऊक नाही. परिणामी ठणठणीत वाहकांना नोकरी व विमा नाकारला गेला. तेथील हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस भागात लग्नाआधी माहिती असावी म्हणून तपासणी झाली. पुढे पाहिले तर कित्येक वाहकांनी लग्न जुळवताना आपली गोष्ट लपवलेली, आणि ज्यांची उघड झाली त्यांना समाजात कमीपणा आलेला.

हे वाचताना मला आपल्याकडचीच आठवण येते. जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. तपासलेल्याला रंगीत कार्ड मिळते. योजना चांगली आहे, तपासणी जरूर करून घ्यावी. पण माझ्या दवाखान्यात एक माउली आपल्या पदवीधर मुलीचे कार्ड पदरात लपवून घेऊन आली आणि हळूच म्हणाली, ‘‘डॉक्टरसाहेब, पाहुण्यांना हे दाखवायचं की नाही?’’ मुलगी एएस, तब्येतीने उत्तम. मी विचारले, ‘‘मुलाचं कार्ड पाहिलं का तुम्ही?’’ ती गप्प. मुलाचे कार्ड मागायचे असते हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते. आमच्या भागात कार्ड मागितले जाते ते मुलीचे, आणि मोडते तेही मुलीचेच लग्न.

हिशेब तर अगदी सरळ आहे. मुलगी एएस व मुलगा निर्दोष, किंवा याच्या उलट, तर त्यांच्या मुलांपैकी कोणालाही सिकलसेलचा आजार होत नाही. फार तर निम्मी शक्यता वाहक होण्याची. दोघेही एएस असतील तेव्हाच प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मूल एसएस होण्याची. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे नीट ध्यानात घ्यावे. पहिले आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली असे नव्हे. आणि हा अमक्याच जातीचा आजार असे बोलणाऱ्यांनी एवढे समजून घ्यावे की, हिवतापाच्या प्रदेशात वाहकांना तीव्र हिवतापापासून संरक्षण मिळाले म्हणून हे जनुक टिकले. जात पाहून ते आलेले नाही.

चाचणीविषयी नेहमी विचारले जाते म्हणून सांगतो. गावात होते ती सोल्युबिलिटी चाचणी केवळ चाळणी आहे. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रोगी हे तिच्यावरून कळत नाही; त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ही साधी चाचणी फसवी ठरते. नुकतेच रक्त चढवले असेल तर तेही सांगावे, अहवाल चुकू शकतो. गरोदर बाई एएस निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याचे रक्त तपासावे. तो ‘मला काय झालंय’ म्हणून टाळतो आणि दिवस निघून जातात. दोघेही एएस निघाले तर गर्भाची तपासणी साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात मोठ्या शहरातील केंद्रात होऊ शकते. त्याआधी समुपदेशकाशी बोलायला आठवडा-दोन आठवडे हाताशी हवेत, म्हणून पाळी चुकल्यावर पहिल्या भेटीतच दोघांची कार्डे बरोबर आणावीत.