रेसिंग ट्रकच्या तेलाचं काय होतं?

युरोपियन ट्रक रेसिंगमधले ट्रक पाच टनांहून जड. सुमारे १३ लिटरचं डिझेल इंजिन, ताकद हजार अश्वशक्तीच्या पुढे. वेग मात्र नियमानेच ताशी १६० किमीवर अडवलेला. त्यामुळे सगळी चुरस वळणातून बाहेर पडताना गाडी किती जोरात उचलते यावर, आणि त्याचा पूर्ण भार येतो इंजिन ऑइलवर.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो, तोही तेलाच्या अगदी पातळ थरावर तरंगत. पिस्टनच्या पोटावर खालून तेलाचाच फवारा मारतात, नाहीतर माथा वितळेल. म्हणून आपल्या डिझेल गाडीसाठीही १५डब्ल्यू-४० तेल विकत घेताना फक्त १०० अंशांवरचा घट्टपणा पाहू नका. १५० अंशांवर, जबरदस्त घर्षणात ते किती तग धरतं, ही चाचणी मला जास्त महत्त्वाची वाटते. डिझेल इंजिन ऑइलच्या, २०१६च्या अखेरीस आलेल्या सीके-४ दर्जात तेल पातळ न होणं आणि उष्णतेने न सडणं, या दोन्हींच्या अटी कडक झाल्या.

डिपस्टिक पुसली की फडकं काळंभोर होतं. घाबरू नका! काजळीचे कण एकत्र न येऊ देता तेलाने अलगद धरून ठेवलेत, म्हणून तो रंग. डिपस्टिकला डिझेलचा वास आला तर मात्र लगेच तपासा. तेलात इंधन उतरलं की थर पातळ पडतो आणि बेअरिंग जातं.

आणि घाटातून गाडी वर आणल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा, टर्बोतलं तेल जळणार नाही.